मयेकरांचा पापुद्रा

मयेकरांच्या घरी गेलं की आधी हात दाखवावा लागे. ज्योतिषाला दाखवतात तसा नव्हे. दाराच्या चौकटीला एक काळी गोल चकती टांगलेली असे, जेवणाच्या ताटाएवढी. तिच्यावर तळवा टेकायचा, मनातल्या मनात वीसपर्यंत आकडे म्हणायचे आणि हात काढून घ्यायचा. त्या काळ्यावर तुमचा पंजा उमटे. मधे निळा, कडेला हिरवा, बोटांच्या टोकांना तांबूस. मयेकर आतून खिडकीतून तो निरखून बघत आणि म्हणत, "हं. करंगळी जरा गार आहे. या आत." मगच कडी निघे.

पोस्टमन, लाईटबिलवाला, देवळाची वर्गणी मागणारे, सगळ्यांना हाच नियम. गॅसवाल्याने खांद्यावर सिलिंडर घेऊन तळवा टेकलेला मी ह्या डोळ्यांनी पाहिलाय. आणि मयेकर आतून ओरडतायत, "उजवा नको रे, उजवा ओझ्याने तापलाय. डावा टेक!"

मी एकदा विचारलं, "भावजी, आणि चोर आला तर?"

"चोराचे हात गार असतात, बाई," ते म्हणाले. "भीतीने रक्त आत पळतं. लगेच कळेल."

दत्ताराम मयेकर म्हणजे आमचे अगदी लागून राहणारे शेजारी. रत्नागिरीत नाचणे गावाच्या रस्त्याला आमची घरं आहेत, मधे एक शेवग्याचं झाड आणि कमरेएवढा दगडी गडगा. ते कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहायक होते. प्राध्यापक आले नि गेले, मयेकर तिथेच. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते, म्हणून गल्लीला मी 'बाई'. माझी जीभ तिखट आहे. शाळेत तिचा उपयोग झाला, चाळीस पोरांचा वर्ग मी एका वाक्यात गप्प करायचे. रिटायर झाल्यावर पोरं राहिली नाहीत, जीभ तेवढीच राहिली. ती मग गल्लीवर चालायला लागली आणि तिचं सर्वात आवडतं गिऱ्हाईक मयेकर.

आधीच सांगून टाकते. हे मी हसत लिहायला बसलेय खरी, पण मयेकरांचं नाव काढलं की मला लाज वाटते. त्यांची नव्हे हो. माझी.

तर ती चकती. मयेकर तिला पापुद्रा म्हणत. अगदी पातळ काळ्या प्लॅस्टिकवर त्यांनी एक औषध फासलेलं असे. त्याचं नाव द्रवस्फटिक. मी म्हटलं, द्रव तरी म्हणा नाहीतर स्फटिक तरी म्हणा, दोन्ही कसं? त्यावर त्यांनी मला गडग्यावर बसवून पाऊण तास शिकवलं. शिक्षिकेला शिकवायला मिळालं की माणसाला केवढा आनंद होतो!

"हे बघा बाई. हे धड वाहत नाही, धड गोठत नाही. ह्याच्यातले कण पीळ घालून उभे असतात. ऊब लागली की पीळ आवळतो. पीळ आवळला की रंग बदलतो. आधी तांबडा, मग हिरवा, मग निळा. त्याच्या वर गेलं की परत काळा. त्याच्या खाली गेलं तरी काळा. चार-पाच अंशांचा खेळ आहे सगळा. पण त्या चार-पाच अंशांत त्याच्याइतकं खरं बोलणारं कुणी नाही."

"मग थर्मामीटर कशाला लावतात लोक?"

"थर्मामीटर एका जागेचं सांगतो. हा सगळं एकदम सांगतो. चित्रच काढून देतो. आणि मला किती ते नकोच असतं. फरक किती ते सांगा. फरक!"

हा 'फरक' त्यांच्या तोंडी दिवसातून पन्नास वेळा. चहा दिला की गरम आहे का विचारणार नाहीत. "मघाच्यापेक्षा फरक आहे काय?" विचारणार. दुसरं एक लाडकं वाक्य म्हणजे "हात खोटं बोलतो." गार पाण्यात हात घालून आलेल्याला कोमटही गरम लागतं, तेव्हा हाताच्या साक्षीवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. प्रयोगाच्या वस्तूला ते कधी उघड्या हाताने शिवायचे नाहीत. आपल्या हाताची ऊब तिला लागेल म्हणून सुती हातमोजे घालायचे. मे महिन्यात, अंगाला घामाच्या धारा, कमरेला पंचा आणि हातात पांढरे हातमोजे, असे ते पडवीत बसलेले दिसत. मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, "वऱ्हाड यायचंय, बँडवाले तेवढे पोचलेत."

सैन्याकडे काळोखात माणूस दाखवणारे कॅमेरे असतात, त्यांतल्या काहींच्या आतला डोळा बर्फापेक्षा गार ठेवावा लागतो, त्याला यंत्रं लागतात, हे मला मयेकरांकडूनच कळलं. "माझ्या पापुद्र्याला काही गार करावं लागत नाही," ते अभिमानाने सांगत. "आमच्या हिच्यासारखा आहे. काही मागतच नाही." आतून सुमनताई म्हणायच्या, "मागून बघितलं होतं एकदा, मिक्सर. त्याची मोटर ह्यांनी औषध ढवळायला नेली!"

पापुद्रा ताणायला गोल चौकट हवी, म्हणून ते माझी भरतकामाची रिंग मागायला आले. मी उशीच्या अभ्र्यावर मोर काढत होते. अर्धा मोर झाला होता. "दोन दिवसांत देतो" म्हणाले. तो मोर अजून बिनपायांचा आहे.

लांबची वस्तू बघायची तर पापुद्र्यावर तिची ऊब गोळा करून टाकायला हवी. त्यासाठीचं भिंग फार महागडं, साधी काच चालत नाही, काच ऊब अडवते. मग ह्या गृहस्थाने सुमनताईंची स्टीलची परात घेतली. ती घासली, घासली, इतकी घासली की तिच्यात बघून दाढी करता येईल. आंब्याच्या पेटीत ती परात बसवली, तिच्यासमोर पापुद्रा टांगला, आणि पेटी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे रोखून पलीकडे उकिडवे बसले.

मी कमरेवर हात ठेवून विचारलं, "काय दिसतंय?"

"तुमची शेगडी दिसते. झकास निळी!"

"आणि मी?"

ते बराच वेळ बघत राहिले. "तुम्ही ढगासारख्या दिसता."

हे मी गल्लीभर केलं. ढग! तेव्हापासून मी त्यांच्या पापुद्र्याला 'मयेकरांचा पापड' म्हणायला लागले. नाव इतकं चिकटलं की रिक्षावालेसुद्धा पत्ता विचारला की म्हणत, "पापडवाल्या मयेकरांकडे ना?" मयेकर स्वतः हसत. मला वाटे, बघा, माणसाला आवडतंय.

त्यांच्याकडे एक पापुद्रा नव्हता. मे महिन्याचा वेगळा, पावसाळ्याचा वेगळा, डिसेंबरचा वेगळा. औषधाचं मिश्रण बदलायचं, म्हणजे ते चार-पाच अंश वरखाली सरकतात. इतरांच्या कपाटात ऋतूप्रमाणे कपडे, ह्यांच्या माळ्यावर ऋतूप्रमाणे पापड.

एकदा मात्र पापुद्र्याने माझं भलं केलं. आमच्या मीटरजवळच्या भिंतीला त्यांनी सहज चकती टेकवली आणि म्हणाले, "बाई, हितं आत वायर तापतेय. एवढा फरक बरा नाही." मी म्हटलं, ऊन लागलं असेल भिंतीला. आठवड्याने इलेक्ट्रिशियन दुसऱ्याच कामाला आला, त्याने पेटी उघडली तर वायरीचं प्लॅस्टिक वितळून काळं झालेलं. "वेळेत बघितलंत, नायतर पेट घेतलान असतान," तो म्हणाला. मी गल्लीत काय सांगितलं असेल? इलेक्ट्रिशियन हुशार आहे, असं सांगितलं. मयेकरांचं नाव घेतलं नाही. तेव्हा काही वाटलंही नाही.

आता आंब्यांकडे येते. आल्याशिवाय सुटका नाही.

हापूसला एक रोग असतो, साका. बाहेरून आंबा केशरी, वास घरभर, आणि कापला की आत गराला पांढरट स्पंजासारखी गाठ, चव आंबूस. बाहेरून कुणाला कळत नाही, बागायतदाराचाही जन्म त्यात गेला तरी. मयेकरांनी मनावर घेतलं की पापुद्र्याने साका ओळखायचा. त्यांचं म्हणणं असं, गवताच्या आढीत पिकायला घातलेला आंबा उबदार असतो. तो तसाच काढून पापुद्र्यावर ठेवला की चांगला गर आपली ऊब नीट सोडतो, साक्याच्या जागी मात्र पोकळी, तिथे ती अडखळते. तेवढ्या जागी रंगात ठिपका येतो.

आणि खोटं कशाला सांगू, येत होता. माझ्यासमोर त्यांनी एका आंब्यावर खडूने खूण केली, कापला, साका. दुसऱ्यावर केली, साका. बिनखुणेचे चार कापले, चारही स्वच्छ. ते मीच खाल्ले.

आमच्या महिला मंडळाचा मे महिन्यात आंबा मेळावा असतो. बागायतदार येतात, पदार्थांची स्पर्धा होते. मी मंडळाची चिटणीस. मयेकरांना तिथे प्रयोग करून दाखवायचा होता. मीच त्यांना वेळ दिली, थोडी कौतुकाने, थोडी मजा येईल म्हणून. सकाळीच त्यांनी आंब्यांची पेटी माझ्याकडे पोचती केली. वर चिठ्ठी, सुवाच्य अक्षरात: 'पेटी उघडू नये. आंबे जसेच्या तसे ठेवावेत.'

चिठ्ठी मी वाचली. दोनदा वाचली. आणि मनात आलं, प्रयोग झाल्यावर हेच आंबे कापून पाहुण्यांना द्यायचेत. आढीतला गरम आंबा कापून पाहुण्याच्या पुढ्यात? आमच्याकडे असं कुणी देत नाही. आंबा उष्ण. पेटीतून निघाला की आधी बादलीत, पाण्यात, त्याची उष्णता उतरली की मग विळीवर. आईने तसं केलं, सासूने तसं केलं, माझे हातही तसेच वळलेले. 'जसेच्या तसे' म्हणजे काय, मयेकरांचं आपलं काहीतरी! मेळाव्याला निघायच्या आधी मी विहिरीचं दोन बादल्या पाणी ओढलं, आंबे दोन तास बुडवून ठेवले, पंचाने एकेक पुसून परत गवतात अगदी होते तसे रचले.

संध्याकाळी हॉल भरला. मयेकर इस्त्रीचा शर्ट घालून, हातमोजे चढवून व्यासपीठावर. त्यांनी पापुद्र्याची मोठी चौकट मांडली, आधी आपल्या भाषणात पीळ आणि ऊब समजावलं, मग पेटीतून एकेक आंबा काढून हलक्या हाताने चौकटीवर ठेवला. हातमोज्यातून त्यांना गारवा कळला नाही. उघड्या हाताने ते आंब्याला शिवणारच नव्हते.

पापुद्रा काळा तो काळाच.

"पंखे बंद करा," मयेकर म्हणाले. पंखे बंद झाले. मे महिना, माणसं पदराने नि कार्यक्रमपत्रिकांनी वारा घेऊ लागली. पाच मिनिटं गेली. "येईल, रंग येईल." दहा मिनिटं गेली. त्यांनी हातमोजा काढून स्वतःचा तळवा टेकवला, तो लख्ख उमटला. हातमोजा चढवून आंबे काढले, परत ठेवले. काळं. त्यांच्या शर्टाची पाठ ओली झाली. मग ते वळले, मला शोधलं आणि सगळ्यांसमोर विचारलं,

"बाई, पेटी उघडली नव्हती ना?"

हाच तो क्षण. मला तेव्हा कळलं. त्या क्षणी, उभ्या उभ्या, बादलीसकट कळलं. 'उघडली होती' एवढे दोन शब्द म्हणायचे होते. पण समोर सगळं मंडळ, बागायतदार, माझ्या जुन्या विद्यार्थिनी. चिटणीस बाईंनी चिठ्ठी वाचूनही आंबे भिजवले, असं होणार होतं. मी म्हटलं,

"छे हो! तुमच्या पेटीला कोण हात लावतंय!"

आणि तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण हॉल गप्प झालेला मला सोसेना, शिवाय आतून भीती वाटत होती, म्हणून जीभ सुटली. "भावजी, नुसता ठेवून पापड फुगतो होय? निखाऱ्यावर धरा!"

हॉल असा हसला म्हणता! बागायतदार मांड्यांवर हात मारून हसले. मयेकरही हसले. मग त्यांनी चौकट कापडात गुंडाळली. आंबे कापले गेले, पाहुण्यांनी खाल्ले, गोड म्हणून कौतुक झालं. तीन साके निघाले. ते मयेकरांनी लांबून पाहिले आणि खिशातला खडू परत खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी दारावरची चकती गेली. मी गडग्यावरून विचारलं तर म्हणाले, "तळव्याला बोलतो हो तो, बाई. आंब्याला नाय बोलत. म्हणजे मोठा फरक दाखवतो, बारीक दाखवत नाही. आणि मला बारीकच हवा होता." मी "असू दे हो, वय झालं आता, आराम करा" असलं काहीतरी बोलले आणि आत आले. त्या दिवशी सांगता आलं असतं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. मी रोज उद्यावर टाकत गेले, आणि मग उशीर झाला म्हणून सांगायची लाज, लाज वाटते म्हणून आणखी उशीर.

श्रावणात सुमनताईंच्या पायाला झालं. त्यांना साखरेचा आजार जुना. पायाची संवेदना गेलेली, हे आम्हाला ठाऊक होतं. चपलेत जांभ्या दगडाची एक खडी शिरली, ती घालून त्या दोन दिवस हिंडल्या, कळलंच नाही. करंगळीखाली आत चिघळत गेलं. लक्षात आलं तेव्हा फार झालं होतं. डाव्या पायाची करंगळी काढावी लागली.

त्या घरी आल्यावर मी नाचणीची आंबील घेऊन गेले. मयेकर औषधं आणायला बाहेर पडले होते. सुमनताई कॉटवर, पायाला पांढरी पट्टी. "नऊ हायत अजून," बोटं दाखवून म्हणाल्या आणि हसल्या. मग बोलता बोलता म्हणाल्या,

"ह्यांचा तो पापड बिघडला, तिथंच वाट लागली बघा. नायतर नऊ वर्षं एक संध्याकाळ चुकवली नाय हो ह्यांनी. दिवा लावला की माझे पाय पुसायचे, बोटांच्या बेचक्यासुद्धा, आणि त्या चौकटीवर ठेवायला लावायचे. डावा उजव्याशी ताडून बघायचे. एखादी जागा दुसऱ्या पायापेक्षा तापली की म्हणायचे, हितं जखम व्हायच्या बेतात आहे, आज चालू नको. दोनदा असं वाचवलंनी."

माझ्या हातातली वाटी हातात राहिली. "पण ते तर आंब्यांसाठी..."

"आंबे आता आता हो! मुळात हे पायांसाठीच. दारात ती चकती का लावलेली? लोकांच्या हातावर सराव. नजर तयार राहायला हवी म्हणे. मेळावा झाला आणि सगळं माळ्यावर टाकलंनी. म्हणाले, ज्याला बारीक फरक कळत नाय त्याच्यावर तुझे पाय कसे सोडू? त्याच्यापेक्षा डोळ्यांनी बघतो. पण डोळ्यांना कुठलं दिसायला!"

आंबील तशीच ठेवून मी घरी आले. घरी येऊन मोरीत उभी राहिले आणि नळ सोडून रडले. माझ्या एका 'छे हो'मुळे. दोन बादल्या पाण्यामुळे नव्हे, पाणी अडाणीपणाने झालं होतं. 'छे हो' मी जाणूनबुजून म्हटलं होतं.

आठ दिवस मी सांगू की नको करत होते. सांगावं, तर मयेकरांना कळणार की पापुद्रा खरा होता, आणि त्यांनी पाय बघणं सोडलं नसतं तर बोट राहिलं असतं. हे त्या माणसाच्या पदरात कसं घालायचं? न सांगावं, तर पापुद्रा माळ्यावर आणि सुमनताईंचा दुसरा पाय तसाच. डॉक्टरांनी बजावलं होतं, दुसऱ्या पायाला जपा. शेवटी त्या दुसऱ्या पायासाठी मी गडगा ओलांडला.

मयेकर पडवीत बसून सुमनताईंच्या चपलेला मऊ रबराचा तळ कापत होते. मी बसलेसुद्धा नाही. उभ्याने सांगितलं. "भावजी, मेळाव्याच्या दिवशी आंबे मी पाण्यात टाकले होते. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले."

त्यांनी मान वर केली. मला वाटलं, आता चांगलं बोलून घेतील. बोलावंच, अशी माझी इच्छा होती.

"किती वेळ?" त्यांनी विचारलं.

"दोन तास."

"नळाचं की विहिरीचं?"

"विहिरीचं."

"मग बरोबर!" ते ताडकन उठले. चेहरा असा उजळला की मला बघवेना. "मग कसा येईल रंग! सगळे एकसारखे गार! रेघेच्या खाली गेले सगळे! अगो सुमन, ऐकलंस? पापुद्रा खरा होता गो! त्याची काही चूक नव्हती, आंबेच गार..."

सुमनताई काठी टेकत उंबऱ्याशी आल्या होत्या. मयेकरांची नजर त्यांच्या पायाकडे गेली, आणि ते बोलायचे थांबले. हातातली कात्री हळूच खाली ठेवली. मग ते म्हणाले, "म्हणजे खरा होता. आणि मी बघायचं सोडलं."

"तुम्ही नाही, भावजी. मी. मी खोटं बोलले म्हणून."

"मी सोडलं," ते परत म्हणाले. माझं ऐकलंच नव्हतं त्यांनी.

सुमनताईंना सगळं एका क्षणात कळलेलं मी पाहिलं. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. त्या बघण्यात राग होता, आणि तो माझ्या हक्काचा होता. मग त्यांनी तो गिळला आणि नवऱ्यावर खेकसल्या, "सोडलंत तर आता धरा परत! हा उजवा पाय काय मी असाच ठेवू? चढा माळ्यावर!"

मयेकर चढले. पावसाळ्याची चौकट काढून आणली, कापडाने झटकली. पाणी कोमट करून आणलं. खाली बसून त्यांनी बायकोचा उजवा पाय मांडीवर घेतला आणि मऊ फडक्याने एकेक बेचकी टिपायला लागले. ह्या दोघांना मी कधी शेजारी बसलेलंही पाहिलं नव्हतं. मी ज्याला इतकी वर्षं हसत आले तो माणूस डोळे पुसायला हात वर नेत नव्हता, कारण हातात तिचा पाय होता. मी पाठ फिरवून निघाले.

गडग्याशी पोचते तर मागून हाक आली. मयेकर हात पुसत लगबगीने आले. आता बोलणार, म्हणून मी उभी राहिले.

"बाई, ते आंबे भिजवल्याचं कुणाकडे बोलू नका हां."

"का हो?"

"हसतात हो लोक," ते म्हणाले. "फार हसतात." एवढं सांगून ते परत गेले. टोमणा नव्हता तो. मयेकरांना टोमणा मारता येत नाही.

परवा वाण्याच्या दुकानात कुणीतरी पुन्हा तो किस्सा काढला, निखाऱ्यावर धरायचा. माझाच विनोद, मलाच सांगत होते. मयेकर तांदळाच्या पिशवीशेजारी उभे होते आणि सवयीने हसत होते. मला राहवेना. मी मोठ्याने म्हटलं, "हसू नका. आंबे मी भिजवले होते. विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. पापुद्रा चांगला होता."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तेवढ्यात मयेकर म्हणाले, "बाईंची चेष्टा करायची सवय जुनी आहे हो," आणि सगळे पुन्हा हसले. कुणीही माझ्यावर विश्वास ठेवला नाही. मयेकरांनी पिशवी उचलली, माझ्याकडे न बघता पायऱ्या उतरले आणि घरी गेले. दिवेलागण व्हायला आली होती.

म्हणून आता लिहून देते. आंबे मी भिजवले होते, आणि ह्यात चेष्टा काही नाही.